लाडा बुडणार नाही, आणि पंचाईत तीच आहे

जून २०२२ मध्ये रशियात, व्होल्गाकाठच्या तोल्यात्ती शहरात, लाडा मोटारींच्या कारखान्यातून एक नवी गाडी बाहेर पडली. नवी म्हणजे जुनीच, फक्त तिच्यातून बरंच काही काढून घेतलेलं. एअरबॅग नाहीत. जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा नाही. अपघाताच्या क्षणी सीटबेल्ट आवळून धरणारी यंत्रणा नाही. धुराचा निकष थेट युरो-२ वर उतरवलेला, म्हणजे युरोपात १९९० च्या दशकात लागू असलेला. नाव मात्र झोकदार: लाडा ग्रांटा क्लासिक. घरातली भांडी विकून झाल्यावर रिकाम्या फडताळाला कुणी 'साधी राहणी' म्हणावं, तसा हा 'क्लासिक'.

तेव्हापासून एक प्रश्न अधूनमधून डोकं वर काढतो: लाडाचं काय होणार? २०२२ मध्ये तो जोरात विचारला गेला. २०२४ मध्ये लाडाच्या गाड्या रशियात सुमारे ४,३६,००० खपल्या, तेव्हा लोक तो विसरले. २९ सप्टेंबर २०२५ पासून कारखान्यात आठवड्याला चारच दिवस काम सुरू झालं आणि प्रश्न परत आला. त्या वर्षाचा खप ३,३०,००० च्या आसपास घसरला.

मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. लाडा वाचेल. सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा ती वाचली, २००९ मध्ये वाचली, २०२२ मध्येही वाचली. ज्या कारखान्याला कुठलंच सरकार बुडू देऊ शकत नाही, त्याच्या मरणाची चर्चा फुकाची. विचारायला हवं ते वेगळंच: दर वेळी तिला वाचवण्याचं बिल कुणाच्या नावावर फाडलं जातं? माझ्या मते ते बहुतेक वेळा त्याच माणसाच्या नावावर फाडलं गेलं, ज्याला लाडाशिवाय दुसरी नवी गाडी परवडत नाही.

हे समजायला आधी गाव बघायला लागतं. व्होल्गेवर धरण बांधलं आणि १९५० च्या दशकात स्तावरोपोल नावाचं जुनं गाव पाण्याखाली गेलं. माणसं वर, नव्या जागी हलवली. १९६४ मध्ये इटलीच्या कम्युनिस्ट पक्षाचे नेते पाल्मिरो तोल्यात्ती वारले आणि या नव्या गावाला त्यांचं नाव मिळालं. दोनच वर्षांनी, १९६६ मध्ये, मॉस्कोनं फियाटशी करार केला आणि मोटारींचा अजस्र कारखाना याच इटालियन नावाच्या गावी उभा राहिला. एप्रिल १९७० मध्ये पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. वर्षाला ६,६०,००० गाड्या ही कारखान्याची आखीव क्षमता होती. म्हणजे शहरासाठी कारखाना काढला नव्हता, कारखान्यासाठी शहर वाढवलं होतं. आज तिथं साडेसहा लाखांहून जास्त माणसं राहतात आणि अजूनही कारखाना शिंकला की गावाला पडसं होतं.

गाडी मुळात फियाट १२४. पण इटलीचा गुळगुळीत डांबरी रस्ता आणि रशियाचा वसंतातला चिखल यांत फरक होताच. म्हणून आठशेहून अधिक बदल झाले. पत्रा जाड केला, गाडी जमिनीपासून उंच उचलली, मागच्या डिस्क ब्रेकमध्ये चिखल जाऊन ते खराब होत म्हणून तिथं ड्रम बसवले, कॅमशाफ्ट वर घेतलेलं नवं इंजिन दिलं. आणि पुढच्या बंपरमध्ये एक भोक ठेवलं, बॅटरी थंडीनं गारठली तर हँडल मारून गाडी चालू करायला. लोकांनी या पहिल्या मॉडेलला 'कोपेइका' म्हटलं, म्हणजे आपल्याकडचा पैसा, रुपयाचा शंभरावा भाग. देशात ती झिगुली, निर्यातीत लाडा, कारण झिगुली हे नाव पश्चिमेकडच्या कानांना 'जिगोलो'सारखं लागे.

या गाडीची एक सख्खी नातलग आपल्याकडेही होती. १९८० च्या दशकाच्या मध्यावर कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीनं ११८ एनई बाजारात आणली, तीही फियाट १२४ च्याच वंशातली, फक्त इंजिन निसानचं. माझ्या मामांकडे पांढरी होती. रविवारी सकाळी ओल्या शॅमॉयनं तिचं चौकोनी बोनट पुसायचा मान भाचरांपैकी ज्याला मिळे तो दिवसभर मिरवे. पुढे कधीतरी मॉस्कोच्या रस्त्यांचे जुने फोटो बघताना एका झिगुलीवर नजर थबकली. क्षणभर वाटलं, मामांचीच गाडी बर्फात उभी आहे.

नातं एवढ्यावर थांबत नाही. दोन्ही देशांत गाडी ही विकत घ्यायची वस्तू नव्हती, नंबर लागायची वस्तू होती. सोव्हिएत नागरिक वर्षानुवर्षं यादीत असे. गाडी मिळाल्यावरही तो ती उभी करून जाताना वायपर काढून पिशवीत टाकून नेई, कारण सुटे भाग मिळत नसत आणि वायपर हमखास चोरीला जात. पाऊस आला की सगळे ड्रायव्हर गाड्या कडेला घेऊन वायपर बसवू लागत. अशा बाजारात उत्पादकाला गिऱ्हाइकाची भीती कशाला वाटेल? जो माणूस पाच वर्षं रांगेत उभा राहून वर आभार मानतो, त्याच्यासाठी दार नीट लागतं की नाही हे तपासायची गरज कुणाला? लाडाच्या दुखण्याचं मूळ मला इथं दिसतं. रशियन इंजिनिअर कमी पडले असं म्हणायला मी तयार नाही.

त्याचा पुरावा नीवा. १९७७ मध्ये याच कारखान्यानं ती काढली. मोटारीसारखी एकसंध बॉडी, चारही चाकांना कायम ताकद, आटोपशीर आकार आणि खेड्यातल्या माणसाला परवडेल अशी. फियाटचे काही सुटे भाग होते, पण कल्पना आणि आराखडा घरचा. ती जर्मनीत, फ्रान्समध्ये खपली. तिथं तिला कुणी जकातीची भिंत बांधून दिली नव्हती. पुढे जगभर ज्याला छोटी एसयूव्ही म्हणू लागले, त्याचा अंदाज या लोकांना फार आधी आला होता. मग झालं काय? काहीच नाही. तीच नीवा, किरकोळ डागडुजी करत, आजही बनते आहे. ज्याची रांग संपत नाही त्यानं दुसरं काही का काढावं!

सोव्हिएत संघ गेला, रांग गेली. तिच्या जागी आले मधले लोक. बोरीस बेरेझोव्स्की हे मुळात गणितज्ञ. त्यांच्या लोगोवाझ या गाड्या विकणाऱ्या कंपनीनं कारखान्याकडून गाड्या उधारीवर घ्यायच्या, विकायच्या आणि पैसे सावकाश द्यायचे. रुबलची किंमत दर महिन्याला वितळत असताना 'सावकाश' या शब्दात किती नफा असतो हे सांगायला गणितज्ञ लागत नाही, पण असला तर बरं. कारखाना कंगाल झाला आणि त्याच्या दारात गाड्यांचा व्यापार करणारे गब्बर. तोल्यात्तीत त्या व्यापाराच्या ताब्यासाठी टोळीयुद्धं झाली, मुडदे पडले. दोन हजारच्या दशकात सरकारनं कारखाना पुन्हा आपल्या पंखाखाली घेतला तेव्हा लोकांना हायसं वाटलं असेल तर त्यात नवल नाही.

पण पंख आले की पिंजराही येतो. डिसेंबर २००८ मध्ये सरकारनं परदेशी जुन्या गाड्यांवरची जकात वाढवली. त्या वेळी अतिपूर्वेला, व्लादिवोस्तोकमध्ये, रस्त्यावरची जवळजवळ प्रत्येक गाडी जपानहून आलेली, उजव्या बाजूच्या स्टिअरिंगची, वापरलेली होती. सात-आठ वर्षं जुनी टोयोटा नव्या लाडापेक्षा जास्त दिवस चालते, हे तिथल्या माणसाला कुणी शिकवायला नको होतं. तोल्यात्ती तिथून हजारो किलोमीटर दूर. तिथल्या कारखान्यासाठी आपल्या पोटावर पाय का, असं म्हणत लोक रस्त्यावर आले. त्यांना पांगवायला विशेष पोलीस दल थेट मॉस्कोच्या बाजूनं विमानानं आणलं गेलं. एका मोटार कंपनीला तिच्या गिऱ्हाइकांपासून वाचवायला दंगलविरोधी पथक, असा प्रसंग मोटारींच्या इतिहासात दुसरा असेल तर मला ऐकायला आवडेल.

२००९ मध्ये कारखान्याला २५ अब्ज रुबलची सरकारी मदत मिळाली. २०१० मध्ये जुनी गाडी मोडीत काढणाऱ्याला नव्या देशी गाडीवर ५०,००० रुबलची सूट आली. ही सूट मला बरी वाटते, कारण पैसा निदान गिऱ्हाइकाच्या हातून गेला. त्याच ऑगस्टमध्ये पुतिन पिवळ्याधमक लाडा कलिनात बसून सैबेरियातला नवा महामार्ग पार करायला निघाले. कौतुक झालं, आणि ताफ्यात आणखी एक पिवळी कलिना राखीव म्हणून बरोबर होती याचे व्हिडिओही फिरले.

मग २०१२. त्या वर्षी ऑगस्टमध्ये रशिया जागतिक व्यापार संघटनेत गेला, म्हणजे जकात कमी करणं आलं. सप्टेंबरमध्ये लगेच एक नवा आकार लागू झाला: 'उतिलस्बोर', गाडी पुढेमागे भंगारात निघेल तेव्हाच्या विल्हेवाटीची फी. आधी ती आयात गाड्यांवरच होती. युरोपानं तक्रार केल्यावर देशी गाड्यांवरही आली, पण देशी उत्पादकांना अनुदानाच्या वाटेनं रक्कम परत मिळण्याची सोय झाली. एका हातानं घ्यायचं, दुसऱ्या हातानं द्यायचं, आणि मधल्या मधे गिऱ्हाइकाचा खिसा हलका. ही फी वाढतच गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती एका फटक्यात ७० ते ८५ टक्क्यांनी वाढली.

अशा भिंतीआड देशी गाडी स्वस्त राहते, असं वाटणं साहजिक आहे. होतं उलट. बाहेरची गाडी महाग झाली की देशी गाडीला स्वस्त राहण्याचं कारणच उरत नाही. तिला शेजारच्या महाग गाडीपेक्षा थोडं कमी असलं की पुरतं. लाडाचा भाव ठरतो तो तिच्या पत्र्या-रबरातून कमी आणि त्या भिंतीच्या उंचीवरून जास्त.

इथं फ्रेंच रेनॉबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत, कारण तो काळ विसरून चालणार नाही. २००८ मध्ये रेनॉनं एक अब्ज डॉलरला चतुर्थांश हिस्सा घेतला, पुढे रेनॉ-निसानकडे ताबा गेला. बो अँडरसन हे स्वीडिश गृहस्थ २०१४ मध्ये प्रमुख झाले. त्यांनी हजारो माणसं कमी केली, सुटे भाग पुरवणाऱ्या मानलेल्या नातेवाइकांना वाटेला लावलं, आणि २०१६ मध्ये स्वतःच वाटेला लागले. पण २०१५ ची वेस्ता ही गाडी बघा: ती रस्त्यावर उभी असली की लोक मागे वळून बघायचे, आणि लाडाच्या बाबतीत हे बऱ्याच वर्षांत झालेलं नव्हतं. रेनॉनं मनुष्यबळ कापलं ते निष्ठुरपणे, आणि त्या वेळी सरकारकडे त्या माणसांसाठी फारसा बेत नव्हता. हा दोष मी रेनॉच्या नव्हे, सरकारच्या पदरात घालीन.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झालं. मे महिन्यात रेनॉनं आपला ६७.६९ टक्के हिस्सा 'नामी' या सरकारी मोटार संशोधन संस्थेला दिला. किंमत नाममात्र, एक रुबल. सहा वर्षांत परत विकत घेण्याचा हक्क राखून ठेवला. माजी वाहतूकमंत्री माक्सिम सोकोलोव्ह कारखान्याचे प्रमुख झाले. आणि जूनमध्ये, ती ग्रांटा क्लासिक.

संरक्षणवादाचे समर्थक इथं म्हणतात: बघा, सगळे परके पळाले, शेवटी घरचा कारखानाच कामाला आला. यात तथ्य आहे. ज्या रशियन कारखान्यांत फक्त परदेशी गाड्यांची जुळणी होई ते महिनोन्‌महिने बंद पडले. तोल्यात्तीत निदान चाकं फिरत राहिली. पण त्याच ग्रांटात दुसरंही दिसतं. एवढी वर्षं भिंत बांधून, एवढे अब्ज ओतून, देशात एअरबॅग आणि एबीएस स्वतःच्या बळावर बनवण्याइतकंही काही उभं राहिलं नव्हतं. पुढे एबीएस परत आलं ते चीनच्या पुरवठादाराकडून. भिंतीआड स्वावलंबन वाढतं असं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

आणि चीन आता फक्त सुटे भाग पाठवत नाही. तूला शहराजवळ हावालचा पूर्ण कारखाना २०१९ पासून चालू आहे. रेनॉचा मॉस्कोतला कारखाना शहराच्या महापालिकेनं घेतला आणि तिथं 'मॉस्कविच' हे जुनं सोव्हिएत नाव पुन्हा झळकलं, अंगावर मात्र चीनच्या जेएसीची गाडी. लाडानं स्वतःही सेंट पीटर्सबर्गच्या पूर्वीच्या निसान कारखान्यात एका चिनी एसयूव्हीवर आपला बिल्ला लावून पाहिला. ती काही चालली नाही. २०२४ पर्यंत रशियात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी अर्ध्याहून जास्त चिनी होत्या. इटालियन गेले, फ्रेंच गेले, आता राजकारणाच्या दृष्टीनं ज्यांना जा म्हणणं सगळ्यात अवघड, असे पाहुणे आले आहेत.

त्यातून ऑक्टोबर २०२४ ते जून २०२५ मध्यवर्ती बँकेचा व्याजदर २१ टक्के. महागाई रोखायला तो हवा होता असं बँक म्हणते, आणि युद्धाचा खर्च बघता म्हणेलच. पण लाडा घेणारा माणूस कोण? पगारदार, निवृत्त शिक्षक, डाचावरून, म्हणजे गावाबाहेरच्या बागघरावरून, बटाट्याची पोती डिकीत घालून आणणारं कुटुंब. तो कर्ज काढूनच गाडी घेतो. पैसेवाल्याला व्याजदरानं फारसा फरक पडत नाही. म्हणून बाजार आकसला की पहिला फटका सगळ्यात स्वस्त गाडीला बसतो, आणि चार दिवसांचा आठवडा येतो त्या गाडीच्या कामगाराला. व्याज, फी, वगळलेली एअरबॅग: तिन्ही बिलं एकाच पत्त्यावर जातात.

मग मरू द्यावी का तिला? आपल्याकडे प्रीमियरला मरू दिलं. मारुती आली, बाजार उघडला, २००० साली पद्मिनीचं उत्पादन थांबलं, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. लोकांनी हळहळ व्यक्त केली, सेल्फी काढले. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर आज टॉवर आहेत. गिऱ्हाइकाचं भलं झालं यात शंका नाही. कामगारांचं काय झालं हे मात्र त्या सेल्फींत दिसत नाही. तरी कुर्ला मुंबईत होतं. एक कारखाना गेला तरी भोवती दहा उद्योग होते. तोल्यात्तीला ती मुभा नाही. तिथं कारखाना बंद करणं म्हणजे ते गाव दुसऱ्यांदा पाण्याखाली घालणं, आणि मॉस्कोतल्या कुठल्याही राज्यकर्त्याला हे कळतं. म्हणून 'बाजारावर सोडा' हा सल्ला मला वातानुकूलित खोलीतला वाटतो.

पण वाचवण्याच्याही दोन तऱ्हा असतात. ह्युंदाईची मोटार कंपनी १९६७ ची, म्हणजे तोल्यात्तीपेक्षा वर्षभरानं धाकटी. कोरियानंही तिच्याभोवती भिंत बांधली होती, आयात गाड्या जवळजवळ बंद ठेवल्या होत्या. फरक एवढाच की भिंतीला बाहेर जायचं दार होतं आणि त्या दारातून निर्यात झालीच पाहिजे असा दंडक होता. घरात लाड, बाहेर परीक्षा. पोनी ही त्यांची पहिली स्वतःची गाडी १९७५ मध्ये आली आणि लगोलग परदेशी निघाली. २०११ पर्यंत हीच कंपनी सेंट पीटर्सबर्गला कारखाना काढून रशियन थंडीसाठी सोलारिस बनवू लागली, आणि २०१६ मध्ये रशियात सगळ्यात जास्त खपलेलं मॉडेल हीच सोलारिस होती, ग्रांटा मागे. युद्ध सुरू झाल्यावर ह्युंदाईनं तो कारखाना १०,००० रुबलला विकला. त्याच सुमारास तिनं आपल्या तळेगावचा जनरल मोटर्सचा बंद पडलेला कारखाना ताब्यात घेतला. एक दार बंद झालं तर दुसरीकडे जाता यावं, एवढं बळ तिच्या पायांत आलं होतं.

लाडाची परीक्षा अशी कुणी घेतलीच नाही. ज्यांनी तारीख ठरवायची त्यांनी ती दर वेळी पुढे ढकलली. फी वाढवली, पण कुठल्या वर्षापासून ती उतरणार हे सांगितलं नाही. कोट्यवधी रुबल दिले, पण बदल्यात कुठली सुरक्षाचाचणी पास व्हायची हे लिहून घेतलं नाही. शहरात दुसरा उद्योग यावा म्हणून विशेष आर्थिक क्षेत्र काढलं, तेही आधी मोटारींच्या सुट्या भागांच्याच भोवती फिरलं. माझ्यासारख्या बाहेरच्यानं सल्ला देऊ नये, पण द्यायचाच झाला तर एवढा देईन: निदान ठरावीक वर्षांची मुदत घाला, आणि मदतीतला मोठा वाटा कारखान्याच्या खात्यात न टाकता दोघांच्या हातात द्या, जुनी गाडी मोडीत काढणाऱ्याच्या आणि दुसरं काम शिकू पाहणाऱ्या कामगाराच्या. युद्ध चालू असेतो हे होणार नाही, हेही मला कळतं. ज्या सरकारला तोफगोळ्यांसाठी माणसं कमी पडत आहेत ते मोटारीच्या कामगाराला नवं कौशल्य कशाला शिकवेल. त्याला ते कुठं पाठवायचं हे आधीच ठरलेलं असतं.

२०२५ मध्ये लाडाची इस्क्रा आली. इस्क्रा म्हणजे ठिणगी. तिचा पाया रेनॉ असतानाच आखलेला, उरलेलं काम रेनॉ गेल्यावर रेटून पूर्ण केलेलं. गाडी वाईट नसावी. पण तिच्यानंतरच्या गाडीचा पाया कोण देणार? रेनॉचा परत खरेदीचा हक्क २०२८ मध्ये संपतो. त्या मुदतीत रेनॉ परतण्याची शक्यता मला फारशी दिसत नाही. दारात उभे आहेत ते चिनी, आणि त्यांना तोल्यात्तीचा बिल्ला हवा आहे की फक्त तोल्यात्तीचं गिऱ्हाईक, हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

नीवाला २०२७ मध्ये पन्नास वर्षं होतील. सोहळा होईलच. भाषणं होतील, पहिल्या गाडीशेजारी नवी गाडी उभी करतील, आणि बोनट उघडून दाखवलं नाही तर दोघींतली नवी कुठली हे लांबून ओळखायला जरा वेळ लागेल.